भुयारी रेल्वे विमानतळापर्यंत : एका प्रकल्पाचा अभ्यास

रत्नागिरी जिल्ह्याचा मुंबईच्या विमानतळाशी असलेला संबंध जुना आहे. आखाती देशांत नोकरीस जाणारे तरुण, बोटीवर रुजू होण्यासाठी परदेशी बंदराकडे निघालेले खलाशी आणि त्यांना निरोप देण्यास आलेली आप्तमंडळी यांना आपल्या गावाखालोखाल सहारचा रस्ता परिचयाचा असतो. रात्रीच्या गाडीने निघून पहाटे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरावे, सामानासह टॅक्सीचा शोध घ्यावा आणि वाहतुकीच्या कोंडीत विमान चुकेल की काय या चिंतेत पुढचा प्रवास करावा, हा अनेकांचा अनुभव होता. ९ ऑक्टोबर २०२५ पासून या प्रवाशास दुसरा मार्ग उपलब्ध झाला आहे. त्याच टर्मिनसजवळच्या भुयारी स्थानकातून सुमारे पाऊण तासात तो विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलच्या स्थानकावर पोहोचू शकतो.

मुंबई मेट्रोच्या या तिसऱ्या मार्गिकेची माहिती वृत्तपत्रांतून पुष्कळ आली. तथापि हा प्रकल्प कसा उभा राहिला, त्यास इतका काळ का लागला आणि त्यापासून आपल्या जिल्ह्यातील अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांनी काय घ्यावे, याचा विचार स्वतंत्रपणे करणे उपयुक्त ठरेल.

मार्गिकेचे स्वरूप

दक्षिणेस कफ परेड आणि उत्तरेस आरे यांना जोडणारी ही मार्गिका सुमारे ३३.५ किलोमीटर लांबीची आहे. तिच्यावर २७ स्थानके असून आरे येथील स्थानक वगळता उरलेली २६ स्थानके जमिनीखाली आहेत. विधान भवन, चर्चगेट, काळबादेवी, गिरगाव, वरळी, सिद्धिविनायक, दादर, धारावी, वांद्रे-कुर्ला संकुल अशी ठिकाणे ओलांडून ती विमानतळाच्या पहिल्या व दुसऱ्या अशा दोन्ही टर्मिनलना स्पर्श करते. मरोळ नाका येथे ती घाटकोपर-वर्सोवा या पहिल्या मार्गिकेस मिळते. भाडे किमान १० रुपये व कमाल ७० रुपये असे ठेवण्यात आले.

प्रकल्पाची जबाबदारी मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन या कंपनीकडे सोपविण्यात आली. तीत केंद्र व राज्य या दोन्ही सरकारांची समसमान भागीदारी आहे. भांडवलाचा मोठा भाग जपानच्या आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्थेच्या दीर्घ मुदतीच्या कर्जातून आला. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१३ साली मान्यता दिली, तेव्हा अपेक्षित खर्च २३,१३६ कोटी रुपये होता. पुढे तो ३७ हजार कोटी रुपयांवर गेला. मंजुरीपासून संपूर्ण मार्गिका खुली होईपर्यंत बारा वर्षे लागली. हा काळ कोठे गेला, हे पाहणे हाच या अभ्यासाचा गाभा होय.

जमिनीखालचे काम

मुंबईच्या पोटात मुख्यतः काळा बेसॉल्ट खडक आहे. काही ठिकाणी ठिसूळ खडक व भरावाची माती लागते. अशा भूमीतून साधारण २० ते २५ मीटर खोलीवर दोन समांतर बोगदे न्यावयाचे होते. त्यासाठी १७ बोगदा-यंत्रे वापरण्यात आली. अशा यंत्राच्या तोंडाशी पोलादी दात बसविलेली प्रचंड चकती असते. ती फिरत फिरत खडक कुरतडते आणि निघालेला चुरा मागील बाजूने बाहेर टाकला जातो. यंत्र थोडे पुढे सरकले की त्याच्या मागे आधीच तयार केलेले काँक्रीटचे वक्राकार तुकडे जोडून पूर्ण कडे बसवितात. कडे व खडक यांमधील पोकळी सिमेंटच्या मिश्रणाने भरतात. विहिरीस आतून बांधकाम करीत खाली जावे, त्याप्रमाणे येथे आडवे पुढे जावयाचे असते.

यंत्राने बोगदा खणण्यास २०१७ च्या अखेरीस आरंभ झाला. पहिले यंत्र सप्टेंबर २०१८ मध्ये विमानतळाच्या दुसऱ्या टर्मिनलच्या स्थानकात बाहेर पडले. अशा एकूण ४२ टप्प्यांपैकी अखेरचा टप्पा नोव्हेंबर २०२२ मध्ये महालक्ष्मी येथे पूर्ण झाला. मिठी नदीच्या पात्राखालून मार्ग नेणे हे यांतील एक कठीण काम होते. गिरगाव, काळबादेवी व ग्रँट रोड येथे रस्ते अरुंद आणि इमारती जुन्या असल्याने स्थानकासाठी संपूर्ण रस्ता वरून खोदणे शक्य नव्हते. तेथे मर्यादित जागेत विवर खणून आतल्या आत, खडकाला टप्प्याटप्प्याने आधार देत, स्थानकाची पोकळी तयार करण्यात आली. वरच्या इमारतींच्या भिंतींवर मापक उपकरणे बसवून त्या किती कलतात, किती हादरतात याची नोंद घेण्यात येत असे.

म्हणजे दाट वस्तीच्या महानगराखाली मार्गिकेचे सर्व बोगदे पाच वर्षांत पूर्ण झाले. यंत्रशास्त्राच्या दृष्टीने ही कामगिरी मोठी आहे. मग उरलेली वर्षे कोठे गेली?

जमिनीवरचे काम

त्यांचे उत्तर बहुतांशी जमिनीवर सापडते. रात्रंदिवस चालणाऱ्या कामाच्या आवाजाविरुद्ध दक्षिण मुंबईतील रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१७ साली उच्च न्यायालयाने तेथील रात्रीच्या कामावर निर्बंध घातले. जुन्या वारसा इमारतींच्या सुरक्षिततेचा प्रश्नही न्यायालयापुढे आला. सर्वांत दीर्घ वाद झाला तो गाड्यांच्या आगाराचा. आरे येथील जागेवरील दोन हजारांहून अधिक झाडे ऑक्टोबर २०१९ मध्ये तोडण्यात आली, त्याविरुद्ध नागरिकांनी आंदोलन केले आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढील तोड थांबविली. त्यानंतर आगाराच्या कामास स्थगिती, २०२० साली कांजूरमार्ग येथे ते हलविण्याचा निर्णय, त्या जागेविषयी न्यायालयीन स्थगिती आणि २०२२ साली पुन्हा आरे येथेच काम, असा क्रम घडला. या वादात कोणाची बाजू योग्य होती, याविषयी मतभेद आहेत व राहतील. परंतु गाड्यांना उभे राहण्याची जागाच अनिश्चित असेल, तर तयार बोगद्याचा उपयोग होत नाही, हे मात्र सर्वांस मान्य व्हावे.

गिरगाव-काळबादेवीचा प्रश्न आपल्या जिल्ह्याच्या अधिक जवळचा आहे. या भागातील चाळींत कोकणातून गेलेल्या कुटुंबांच्या कित्येक पिढ्या वाढल्या. स्थानकांसाठी तेथील काही इमारती पाडाव्या लागणार, हे कळताच रहिवाशांत स्वाभाविकपणे अस्वस्थता निर्माण झाली. त्यांची मुख्य मागणी पैशाची नव्हती. आपणांस दूरच्या उपनगरात न पाठविता याच परिसरात घर मिळावे, ही होती. त्याच परिसरात नव्या इमारती बांधून पुनर्वसन करण्याचे आणि तोपर्यंत पर्यायी निवासाची सोय करण्याचे धोरण स्वीकारण्यात आल्यावर काम पुढे सरकले. तरीही प्रत्येक खोलीचा हक्क कोणाचा, हे ठरविणे सोपे नसते. भाडेपावती आजोबांच्या नावाची, राहणारा नातू आणि हक्क सांगणारी भावंडे गावी, अशी स्थिती अशा चाळींत आढळते. कागद नीट नसेल तर ज्याचे घर गेले त्यालाच सर्वाधिक वाट पाहावी लागते.

कोकण रेल्वेशी तुलना

रत्नागिरीकरांस या सर्व गोष्टी अपरिचित नाहीत. कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना जुलै १९९० मध्ये झाली. केंद्राबरोबर महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक व केरळ या राज्यांनी भागभांडवल दिले आणि जनतेकडून कर्जरोख्यांच्या रूपाने पैसा उभारण्यात आला. श्री. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली रोहा ते मंगळूरजवळील ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णत्वाने खुला झाला. रत्नागिरीनजीकचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा आहे आणि पानवल नदीवरील पूल ६४ मीटर उंचीचा आहे. पुढे श्रीधरन यांनीच दिल्ली मेट्रोची धुरा वाहिली. २००२ साली सुरू झालेल्या त्या मेट्रोने देशातील इतर शहरांस भुयारी रेल्वेचा मार्ग दाखविला. अशा रीतीने कोकणच्या डोंगरांतील अनुभव आणि आजची शहरी भुयारे यांचे नाते जुळते.

कोकण रेल्वेने शिकविलेली आणखी एक गोष्ट म्हणजे पाण्याचा हिशेब. आजही पावसाळ्यात तिचे वेळापत्रक वेगळे असते, गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि रुळांवर गस्त घातली जाते. तरीही जुलै २०२४ मध्ये पेडणे बोगद्यात पाणी शिरून वाहतूक बंद पडली. मुंबईच्या मार्गिकेचा वरळीतील आचार्य अत्रे चौकापर्यंतचा टप्पा मे २०२५ मध्ये खुला झाला आणि त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, २६ मे रोजी, लवकर आलेल्या मुसळधार पावसाचे पाणी त्या स्थानकाच्या अपुऱ्या बांधलेल्या प्रवेशमार्गातून आत शिरले. काही दिवस तेथील सेवा स्थगित ठेवावी लागली. बोगदा शेकडो वर्षे टिकेल असा बांधला, तरी त्याचे एक तोंड उघडे राहिले की पाणी तेवढेच शोधून काढते. उद्घाटनाची तारीख ठरविताना पावसाचे नक्षत्रही पाहावे लागते, हा धडा तेथे मिळाला.

टप्प्याटप्प्याने उद्घाटन

मार्गिका तीन टप्प्यांत खुली झाली. आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा १२.६९ किलोमीटरचा पहिला टप्पा पंतप्रधानांच्या हस्ते ५ ऑक्टोबर २०२४ रोजी उद्घाटित होऊन ७ ऑक्टोबरपासून लोकांसाठी सुरू झाला. विमानतळाची दोन्ही स्थानके याच टप्प्यात होती. आचार्य अत्रे चौकापर्यंतचा ९.७७ किलोमीटरचा दुसरा टप्पा मे २०२५ मध्ये आणि कफ परेडपर्यंतचा १०.९९ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये खुला झाला. पहिल्या टप्प्याचा लाभ उपनगरांस मिळाला, परंतु रेल्वेने मुंबईत येणाऱ्या कोकणी प्रवाशास खरा उपयोग दादर व टर्मिनस जोडले गेल्यानंतरच झाला. मार्गाची किंमत त्याच्या लांबीवर नव्हे, तर तो कोणत्या दोन ठिकाणांना जोडतो यावर ठरते.

दिल्लीत विमानतळासाठी स्वतंत्र जलद मार्गिका २०११ साली सुरू झाली. बांधकामातील दोषांमुळे २०१२ साली ती काही महिने बंद ठेवावी लागली आणि आरंभीच्या काळात तीस अपेक्षेइतके प्रवासीही मिळाले नाहीत. मुंबईत वेगळा विचार झाला. येथे विमानतळ हे शहराच्या एका नित्याच्या मार्गावरील स्थानक आहे. विमानाने जाणारा, विमानतळावर सामान उचलणारा, सीप्झमध्ये काम करणारी तरुणी आणि न्यायालयात निघालेला वकील हे सर्व एकाच डब्यात बसतात. रोजच्या प्रवाशांच्या आधारावर उभी असलेली सेवा अधिक स्थिर राहते.

अर्थात तिला मर्यादाही आहेत. रात्री साडेदहाच्या सुमारास शेवटची गाडी सुटते, तर आखाती देशांकडे जाणारी अनेक विमाने मध्यरात्रीनंतर निघतात. अशा प्रवाशाने संध्याकाळीच विमानतळ गाठणे किंवा अन्य वाहन ठरविणे आवश्यक आहे.

आपल्या जिल्ह्यासाठी बोध

रत्नागिरीनजीक मिरजोळे येथील विमानतळावरून प्रवासी सेवा सुरू करण्याच्या दृष्टीने काम हाती घेण्यात आले आहे. महामार्ग, बंदरे, पाणीपुरवठा योजना यांसाठीही जमीन लागते. येथे मेट्रो नसेल, पण प्रश्न तेच असतात. २०१३ च्या भूसंपादन कायद्यान्वये, सूट मिळालेले प्रकल्प वगळता, सामाजिक परिणामांची पाहणी पंचायतींशी विचारविनिमय करून करावयाची असते आणि जाहीर सुनावणी घ्यावयाची असते. हा हक्क वापरण्यासाठी सदस्यांनी तो आधी जाणून घेतला पाहिजे.

कोकणात जमिनीचे तुकडे लहान, सातबारावर सामाईक नावे अनेक आणि त्यांतील निम्मे खातेदार मुंबईस, ही स्थिती सर्वांच्या परिचयाची आहे. आजोबा निवर्तून तीस वर्षे झाली तरी उताऱ्यावर त्यांचेच नाव असते. प्रकल्प आला की मोबदला मंजूर होतो, पण वारसांचा मेळ न बसल्याने रक्कम वर्षानुवर्षे अडकून पडते. रस्ता होतो, गाडी धावते आणि ज्याच्या भातखाचरातून ती धावते तो मात्र कार्यालयाच्या पायऱ्या झिजवीत राहतो. हे टाळण्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही. गणपतीत व शिमग्यात चाकरमानी गावी येतात, त्या दिवसांत ग्रामपंचायतीने महसूल कर्मचाऱ्यांच्या साहाय्याने वारस नोंदीचे शिबिर घ्यावे. शिक्षकांनी अर्ज लिहून देण्यास हातभार लावावा. प्रकल्पाची अधिसूचना निघण्यापूर्वी हे काम झाले, तर ग्रामस्थ व शासन या दोघांचाही वेळ वाचेल.

दुसरी बाब जोडरस्त्याची. विमानतळ, रेल्वे स्थानक किंवा रुग्णालय यांपासून शेवटच्या वाडीपर्यंत एस.टी. वा अन्य वाहन केव्हा मिळेल, याचा विचार आराखड्याच्या वेळीच व्हावा. कोकण रेल्वेची अनेक स्थानके गावापासून दूर आहेत, याची जाणीव रात्री उतरणाऱ्या प्रवाशास नेहमीच होते.

सहारच्या स्थानकात पहिले यंत्र खडक फोडून बाहेर आले, तेव्हा जमिनीखालचे काम होऊ शकते याची खात्री पटली. त्यानंतर सात वर्षांनी टर्मिनसवर उतरलेला रत्नागिरीचा प्रवासी त्या मार्गाने विमानतळावर जाऊ लागला. मधल्या काळाचा बराच भाग जागा, कागद, पाणी व विश्वास या चार गोष्टींची जुळणी करण्यात गेला. यांपैकी निदान कागदाचे काम तरी आपल्या गावात आजच सुरू करता येण्यासारखे आहे.