आजारी मूल, त्याची आई आणि परिचारिका

दवाखान्याच्या दारांत आईचा पदर घट्ट धरून आक्रोश करणारें मूल आपण सर्वांनीं पाहिलें आहे. आईला बाहेर ठेवलें म्हणजे तें पहिल्या दिवशीं मोठ्यानें रडतें, दुसऱ्या दिवशीं हुंदके देतें, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशीं भिंतीकडे तोंड करून गप्प पडतें. मग मोठीं माणसें म्हणतात, "आतां रुळलें हो!" तें मूल खरोखर रुळलेलें असतें काय, एवढाच विचार ह्या धड्यांत करावयाचा आहे. ज्या परिचारिकांनीं व डॉक्टरांनीं हा प्रश्न मनापासून विचारला, त्यांच्यामुळें बालरुग्णांच्या स्थितींत मोठा पालट झाला. तो इंग्लंड देशांत कसा घडला हें प्रथम पाहूं.

१. जुनी रीत व तिचीं कारणें

लंडन शहरीं ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथें १८५२ सालीं दहा खाटांचें मुलांचें रुग्णालय निघालें. पुढें अशीं रुग्णालयें वाढलीं, पण आईबापांस आंत राहण्याची मनाईहि कडक होत गेली. कित्येक ठिकाणीं आठवड्यांतून एकदां तास-दोन तास भेट मिळे; कांहीं ठिकाणीं तर पहिले कित्येक दिवस भेट मुळींच नसे. ही रीत केवळ निर्दयपणाची होती असें मात्र म्हणूं नये. घटसर्प, गोंवर, आरक्तज्वर असल्या सांथींचें भय खरें होतें, व त्यांवर तेव्हां चांगलीं औषधें नव्हतीं. शिवाय आई भेटून गेली कीं मूल पुन्हा रडूं लागे. त्यावरून असें अनुमान काढीत कीं, आईच्या भेटीनेंच मुलाला दुःख होतें. वस्तुतः तें दुःख भेटीचें नसून ताटातुटीचें होतें. भेटीच्या वेळीं तें केवळ बाहेर पडे.

२. डोळे कसे उघडले

न्यूकॅसल शहरांत डॉक्टर जेम्स स्पेन्स ह्यांनीं १९२० नंतरच्या दशकांतच आजारी तान्ह्या बाळांबरोबर त्यांच्या आयांस रुग्णालयांत ठेवून घेण्यास आरंभ केला होता. परंतु बहुतेकांनीं तिकडे लक्ष दिलें नाहीं. पुढें जेम्स रॉबर्टसन नांवाच्या समाजसेवकानें एका लहान मुलीचा रुग्णालयांतील आठ दिवसांचा चित्रपट काढला, व तो १९५२ सालीं लंडनमधील वैद्यांच्या सभेंत दाखविला. ही लॉरा सुमारें अडीच वर्षांची होती. ती फारशी रडली नाहीं. सर्वांस ती शहाणी मुलगी वाटे. पण तिचा चेहरा दिवसेंदिवस उतरत गेला. आणि घरीं नेण्यास आई आली, तेव्हां तिनें आईचा हात धरला नाहीं.

रॉबर्टसन ह्यांनीं दाखविलें कीं, ताटातूट झालेलें मूल प्रथम विरोध करतें, मग निराश होतें, व शेवटीं मन आवरून घेतें. ह्या शेवटच्या अवस्थेलाच लोक "रुळलें" असें म्हणत होते. सभेंतील पुष्कळ डॉक्टर हा चित्रपट पाहून रागावले. डर्मॉड मॅकार्थी हेहि त्यांपैकींच एक होते. पण आपल्या कक्षांत परत गेल्यावर तेंच दुःख त्यांस तेथें दिसूं लागलें. ॲमरशॅम येथील त्यांच्या कक्षांत मुख्य परिचारिका आयव्ही मॉरिस ह्यांच्या साहाय्यानें आयांना मुलांजवळ राहूं देण्यांत आलें. १९५९ सालीं सर हॅरी प्लॅट ह्यांच्या समितीनें सरकारला अहवाल दिला कीं, आईबापांस भेटीची मोकळीक असावी, लहान मुलांच्या आयांना राहण्याची सोय करावी, आणि परिचारिकांस मुलांच्या मनाविषयींहि शिक्षण द्यावें.

३. परिचारिकेचें काम कमी झालें काय?

नाहीं, तें निराळें झालें. न्हाऊं घालणें, भरविणें, निजविणें हीं कामें आई करते. औषध, ताप पाहणें, पट्टी बांधणें हीं परिचारिका करते, आणि घरीं काय करावें हें आईला हातीं धरून शिकविते. आई राहूं शकत नसेल, तर शक्यतों एकच परिचारिका त्या मुलाकडे रोज जाते, म्हणजे त्याला एक तरी ओळखीचा चेहरा मिळतो. सुई टोंचण्यापूर्वीं ती बाहुलीला पट्टी बांधून दाखविते, आणि "दुखणार नाहीं" असें खोटें न सांगतां "थोडें दुखेल, मग थांबेल" असें खरें सांगते. तान्ह्या बाळांस लस टोंचतांना आईनें अंगावर पाजावें, त्यानें वेदना कमी होते, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं केली आहे.

४. आपल्या देशांतील उदाहरण

आपल्याकडे खाटेजवळ आई किंवा आजी बहुधा असतेच. पण कमी वजनाच्या नवजात बाळाला अनेक ठिकाणीं आईपासून वेगळें ठेवतात. भारत व आफ्रिकेंतील चार देश येथें झालेल्या एका अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ सालीं प्रसिद्ध झाला. १ किलो ते १.८ किलोच्या आंतील बाळांस जन्मानंतर लगेच आईच्या उराशीं, त्वचेला त्वचा लावून ठेवलें. त्यांपैकीं पहिल्या २८ दिवसांत शेंकडा १२ दगावलीं. जीं प्रकृति स्थिर होईपर्यंत वेगळीं ठेविलीं होतीं, त्यांपैकीं शेंकडा १५.७ दगावलीं. म्हणजे आईचें जवळ असणें हा केवळ मनाचा दिलासा नव्हे. त्यानें जीव वांचतात.

५. आपण काय करावें?

(अ) "ऐकलें नाहींस तर डॉक्टर सुई टोंचतील" असा धाक मुलांना कधींहि घालूं नये. (आ) रुग्णालयांत जातांना मुलाची रोजची गोधडी किंवा खेळणें बरोबर न्यावें. (इ) मूल निजलें असतां चोरून निघून जाऊं नये. सांगून जावें, आणि सांगितलेल्या वेळीं परत यावें. (ई) हात धुवावे, खोकला असल्यास दूर राहावें, आणि खाटेभोंवतीं गर्दी करूं नये. परिचारिकेचें ऐकणें म्हणजे आपल्याच मुलाला साह्य करणें होय. (उ) घरीं आल्यावर मूल कांहीं दिवस चिकटून राहील, रात्रीं दचकेल, अंथरूण ओलें करील. त्याबद्दल मारूं नये, जवळ घ्यावें.

विचारासाठीं प्रश्न: गप्प मूल व समाधानी मूल ह्यांतील भेद कसा ओळखावा? आपल्या गांवांतील एखादी आई रुग्णालयांत राहिली, तर तिच्या घरच्या मुलांना भाकर कोण देईल? ह्या दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर ज्या गांवाजवळ असेल, त्या गांवचें आजारी मूल एकटें पडणार नाहीं.