चाळीस काय? – लांबीच्या एककांचा पाठ



परवा सातवीच्या वर्गात एकाने फळ्यावर नुसतेच उत्तर लिहिले : ४०. मी विचारले, "चाळीस काय रे? आंबे, मैल की मीटर?" सारा वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. ह्याच चाळिसाने लहानपणी माझी चांगली फजिती केली आहे. ती हकीकत आधी ऐका.

चैत्राचे दिवस होते. विहिरीचे पाणी खोल गेलेले, त्यातच दोर तुटला. वडिलांनी जुना दोर हाताने मोजला. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी. मग मला म्हणाले, "बाजारातनं चाळीस हात दोर आण." दुकानात ही गर्दी! दुकानदार म्हणाला, "तूच मोजून घे बाळ." मी माझ्या हाताने मोजून चाळीस हात दोर कापून घेतला. घरी येऊन पोहरा विहिरीत सोडला, तर तो पाण्याच्या वरच लोंबकळत राहिला! वडील म्हणाले, "अरं, मापला कुणाच्या हातानं?" कापलेला दोर दुकानदार परत घेईना. आईला त्या उन्हात दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणावे लागले.

आता हिशेब करू. वडिलांचा हात ४५ सेंटिमीटर, माझा ३५.

४० × ४५ = १८०० सेंमी = १८ मीटर
४० × ३५ = १४०० सेंमी = १४ मीटर

दोर ४ मीटर अपुरा. आकडा बरोबर, एकक चुकले!

अशी चूक थोरामोठ्यांकडूनही होते. १९९९ साली अमेरिकेचे एक यान मंगळापाशी पोचले आणि नष्ट झाले. त्याच्या इंजिनाच्या जोराचा हिशेब एकांनी पौंडाच्या मापात दिला आणि दुसऱ्यांनी तो मेट्रिक मापातला समजून वापरला.

म्हणून ही रीत पाठ करा : मोठ्या एककाचे लहान करताना गुणावे, लहानाचे मोठे करताना भागावे, आणि उत्तरापुढे एकक लिहावेच.

ह्याच रीतीने आता आकाश मोजू. तिथे किलोमीटर फार लहान पडतो. म्हणून दोन मोठी एकके घेतात.

(१) खगोलीय एकक : पृथ्वीपासून सूर्यापर्यंतचे सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. प्रकाश एका सेकंदात सुमारे ३ लाख किलोमीटर जातो. १५ कोटी ÷ ३ लाख = ५०० सेकंद. म्हणजे सकाळचे ऊन सूर्यापासून आपल्या अंगणात यायला ८ मिनिटे २० सेकंद लागतात.

(२) प्रकाशवर्ष : नावात वर्ष असले तरी हा काळ नव्हे, हे अंतर आहे. प्रकाश एका वर्षात जितका दूर जातो तितके, सुमारे साडेनऊ लाख कोटी किलोमीटर. त्यात जवळजवळ ६३ हजार खगोलीय एकके बसतात.

आता एक गंमत पाहा. १२ इंचांचा फूट, ३ फुटांचा यार्ड, १७६० यार्डांचा मैल.

१२ × ३ × १७६० = ६३,३६० इंच

म्हणजे मैलातही ६३ हजारांवर इंच! म्हणून सूर्य ते पृथ्वी हे अंतर एक इंच धरले, तर एक प्रकाशवर्ष म्हणजे जवळजवळ एक मैल झाले.

तुमची फूटपट्टी काढा. शून्यावर सूर्य ठेवा. एक इंचावर आपली पृथ्वी. साडेनऊ इंचांवर शनी. नेपच्यून ३० इंचांवर, म्हणजे अडीच फुटांवर. आपली सारी ग्रहमंडळी ह्या भित्तिपत्रकासमोरच्या एका बाकावर मावली! आणि सूर्यानंतरचा सर्वांत जवळचा तारा? तो ४.२४ प्रकाशवर्षे दूर आहे. ह्या मापाने सव्वाचार मैल, म्हणजे जवळपास ७ किलोमीटर. बाकावरून उठून तासाभराहून जास्त चालत राहा, तेव्हा तो तारा येईल. मधे सारे रितेच!

घरचा अभ्यास :
१. गुरू सूर्यापासून सुमारे ७८ कोटी किलोमीटर दूर आहे. आपल्या फूटपट्टीवर तो किती इंचांवर येईल?
२. आपला व वडिलांचा किंवा आईचा हात मोजा. चाळीस हातांत किती मीटरचा फरक पडतो?

उत्तरे वहीत लिहून आणा. पुढे एकक नसेल, तर मी तुम्हाला एवढेच विचारीन : "पोहरा पाण्याला टेकला का?"

– तुमचे गुरुजी