म्हातारपणचे पडणे

“म्हातारं माणूस, पडायचंच!” असे आपण सहज बोलून जातो. आम्हांला हे पटत नाही. पडण्याला कारण असते, आणि ते पुष्कळदा घरातच सापडते.

रात्रीची वेळ घ्या. आजोबांना लघवीला जायचे आहे. ते अंधारात घाईने उठतात. निजलेले माणूस एकदम उभे राहिले की कधी कधी रक्ताचा दाब उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात उंबरा उंच. झालं, तोल गेला! म्हणून आधी बाजेवर जरा बसावे, पाय हलवावेत, मग उठावे. बॅटरी उशाशी असावी. उंबऱ्यावर चुन्याचा पट्टा ओढावा, म्हणजे तो नजरेत भरतो.

न्हाणीतले शेवाळ घासून काढा. भिंतीला धरायला पक्का दांडा बसवा. झिजलेल्या चपला टाकून द्या. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर तो काढून घ्यावा. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्यांनी झोक जात असेल तर डॉक्टरांना सांगा. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका.

एकदा पडलेले माणूस भिते. घरचेही म्हणतात, “आजी, तुम्ही आपल्या बसून राहा.” म्हणतात मायेनेच, पण बसून बसून मांड्यांतले बळ जाते, आणि बळ गेले की माणूस पुन्हा पडते. त्यापेक्षा आजींनी रोज अंगणात चालावे. भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून पाच-दहा वेळा उठावे, बसावे. भिंत धरून एका पायावर क्षणभर उभे राहावे. सुरुवातीला कोणी तरी जवळ असावे.

कित्येक आजीबाई पडल्याचे सांगतच नाहीत. सून रागावेल, बाहेर जाऊ देणार नाही, ही धास्ती! तेव्हा रागावू नका. कुठे पडलात, कशा पडलात, ते विचारा.

पडलेल्या माणसाला ओढून उठवू नये. पाय टेकवत नाही, आखूड दिसतो, बाहेर वळला आहे, तर खुब्याचे हाड मोडलेले असू शकते. तेल लावून चोळत बसू नका. अशा हाडाला बहुधा शस्त्रक्रिया लागते, आणि ती लवकर झालेली बरी. महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळले की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो. कित्येक जण त्यातच दगावतात. डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असली, तर काही दुखत नसले तरी दवाखान्यात न्यावे. १०८ नंबरावर फोन केला की सरकारी गाडी मिळते. तिला पैसे पडत नाहीत.