लगाम ढिला सोडून बघ

चिरनेर,
कार्तिक वद्य पंचमी

चि. बाळ यास,


दत्तजयंतीला सारंगखेड्याला जाऊन वरातीसाठी नुक्रा घोडा आणायचा म्हणतोस. खुशाल जा. तापीकाठच्या त्या यात्रेत मारवाडी, काठेवाडी, नुक्रे असे एका जागी बघायला मिळतात. आपल्या रायगडात कुठे मिळायचे? पण पैसे कमरेला बांधण्याआधी माझं ऐक.

तू मोबाइलवर अमेरिकेतल्या ‘कटिंग’ घोड्याचा व्हिडिओ पाठवलास. आधी वाटलं, पोराला उद्योग नाही. मग तीनदा बघितला. अडीच मिनिटांचा खेळ. गुरांच्या कळपातून एक जनावर अलग काढलं की स्वार हात खाली टाकतो, लगाम ढिला; त्या जनावराला परत कळपात जाऊ न देणं हे घोडा स्वतःच्या डोक्यानं करतो. स्वारानं लगाम खेचून वळवला तर गुण कापतात. मला पटलं. घोडा घ्यायचा तर असाच बघून घ्यावा.

यात्रेत नेमकं उलटं असतं. लगाम धरणारा एक, काठी दाखवणारा एक, ढोलकीवाला तिसरा, आणि घोडा दोन पायांवर. आपण भुलतो. मी भुललो होतो. एका बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदा ठरला, इसार दिला, आणि घरी आणल्यावर तिसऱ्या दिवशी जनावर पुढच्या उजव्या पायानं लंगडायला लागलं. सुई टोचून दुखणं झाकलं होतं. वर्षभर त्याला खायला घातलं, एक वरात केली नाही त्यानं.

तेव्हा तू पहाटे जा, घोडा बांधलेलाच असताना. विकणाऱ्याच्या माणसाला बाजूला व्हायला सांग. मोकळ्या दोरीनं कडक जमिनीवर चालव, दुडकी धाव दे. दुखऱ्या पायावर भार पडताना मान वर उचलली जाते. मग बँडच्या गाडीजवळ ने आणि दोरी ढिली सोड. कान फिरवून उभा राहिला तर आपला. घामाघूम झाला तर कितीही देखणा असो, सोड. आपल्या हळदी-वरातींतला डीजे तुला ठाऊक आहे, आणि वर नवरदेव बसलेला असतो.

नुक्रा म्हणून सब्जा गळ्यात मारतील. नाकपुडीची कातडी बघ. नुक्र्याची गुलाबी, वयानं पांढऱ्या झालेल्या सब्ज्याची काळी. दात तर बघच. पाच वर्षांत तोंड पुरं होतं. पुढे खालच्या दातांवरचे खळगे झिजत आठाच्या सुमारास सपाट होतात. काही महाभाग कोरून, डागून नवे खळगे करतात. भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ सांगणारे भेटतील, त्यांना चहा पाज.

रक्ततपासणीशिवाय पुरे पैसे देऊ नकोस. ग्लँडर्स माणसालाही होतो, आणि निघाला तर कायद्यानं जनावर मारावं लागतं. डॉक्टर रक्त काढून हिसारच्या अश्व संशोधन केंद्राला पाठवतात. अहवाल वाईट आला तर इसार परत, हे पावतीवर रंग, वय, खुणांसकट लिहून घे. तोंडी शब्द तापीतच राहतो.

येताना विकणाऱ्याकडूनच आठवड्याचा चारा घेऊन ये. आल्या आल्या आपला भाताचा पेंढा टाकलास तर पोटशूळ उठेल, आणि घोड्याला ओकता येत नाही. हळूहळू बदल. पावसाळ्यात आपल्याकडे खूर कुजतात, म्हणून गोठ्याची जमीन आत्ताच उंच करायला घेतली आहे.

रविवारी सकाळी ये. आपल्या घोडीच्या तोंडात हात कसा घालायचा ते शिकवतो. चावत नाही, पण अंगठा बाजूला ठेव.

तुझा,
मामा