मोसमतीरी

आपले मालेगाव मोसम नदीच्या काठी वसले असून गावाखाली थोड्याच अंतरावर मोसम गिरणेस मिळते. मोसम बागलाणातील साल्हेर-मुल्हेरकडील डोंगरांतून येते, तर गिरणा कळवण-सुरगाण्याकडील सह्याद्रीतून. भूगोलाच्या पुस्तकातील ही एक ओळ परीक्षेनंतर विसरली जाते. पण आपल्या पुराचे सारे रहस्य तिच्यात आहे. मालेगावी पाऊस बेताचाच. उलट साल्हेर हा १,५६७ मीटर उंचीचा, आणि त्या बाजूस मेघ मोकळ्या हाताने बरसतात. काळ्या खडकात पाणी फारसे मुरत नाही. तीव्र उतारावरून ते ओढ्यानाल्यांनी धावत पात्रात येते. त्यामुळे आमच्या अंगणात लख्ख ऊन असताही नदी फुगू शकते! पाणी एकाएकी गढूळ होऊन त्यावर पाला, काटक्या व फेस दिसू लागला, की काठावरून उठावे. त्या वेळी मौज पाहत उभे राहणे हे धैर्य नव्हे.

कित्येकांस वाटते की, धरणे झाल्यावर आता भय कसले? गिरणेवर चणकापूरचे धरण १९११ साली, व मोसमवर हरणबारीचे १९८१ साली झाले, हे खरे. तथापि धरण भरल्यावर येणारे पाणी खाली सोडावेच लागते. १९६९ साली पुरे झालेले थोरले गिरणा धरण तर आपल्या खालच्या अंगास आहे. आपला पूर ते कसा अडविणार?

नदीचा कोप केवढा असतो हे १८७२ साली खानदेशाने पाहिले. गिरणा व पांझरा यांस आलेल्या त्या महापुरात एकट्या धुळ्यातील ५०० घरे वाहून गेली आणि १५२ गावांचे नुकसान झाले. असे असूनही माणसे नदीपासून दूर गेली नाहीत. नारोशंकर राजेबहाद्दरांनी १७४० च्या सुमारास येथील भुईकोट किल्ला बांधावयास घेतला, तोही मोसमच्या काठीच.

जुन्या शेतकऱ्यांची युक्ती आम्हांस विशेष आवडते. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवर त्यांनी ठिकठिकाणी दगडी बंधारे घातले. ते मुद्दामच ठेंगणे ठेवले, म्हणजे पूर माथ्यावरून निघून जावा व नेहमीचे पाणी पाटात वळावे. पाटाखालच्या जमिनीचे 'फड' पाडीत. एका फडात एकच पीक, आणि पाटकरी ठरलेल्या क्रमाने सर्वांस पाणी देई. पाणी कमी आले, तर त्या वर्षी भिजवावयाचे फडच कमी करीत. नदीला अडवून धरण्याची हाव त्यांना नव्हती. ती देईल तेवढे घ्यावे, व तिची वाट मोकळी ठेवावी.

आता ही वाट किती रुंद? सरकारी नकाशांत नदीकाठी दोन पूररेषा आखतात. निळी रेषा सरासरीने २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. येथे पुष्कळांची फसगत होते. एकदा पूर येऊन गेला म्हणजे पुढील २४ वर्षे निर्धास्त, असा याचा अर्थ नव्हे. दरवर्षी शंभरांत चार इतका संभव नव्याने असतोच. वरच्या वर्गातील मुलांनी ०.९६ चा २५ वा घात काढून पाहावा: २५ वर्षांत एकदा तरी तो पूर घरात येण्याचा संभव शंभरांत सुमारे ६४ निघतो! घर घेताना पालकांनी दाराचा रंग पाहण्याआधी ही रेषा पाहावी. पात्रात केरकचरा व राडारोडा टाकणाऱ्यांनाही हाच हिशेब दाखवावा, कारण त्याने पात्र उथळ होते व पाणी काठाबाहेर येते.

एवढी सावधगिरी बाळगल्यास नदीकाठासारखी शाळा नाही. उन्हाळ्यात पात्र आटले की टिटवी उघड्या खड्यांत अंडी घालते. ती त्या खड्यांसारखीच ठिपकेदार असल्याने पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली, तर आपण मागे फिरावे. पावसाळ्यात बाभळीच्या, पाण्यावर झुकलेल्या फांद्यांस सुगरणीची घरटी लोंबू लागतात. ती विणण्याचे काम नराचे असते, मादी तपासून पसंत करते; नापसंत घरटे अर्धवटच राहते. थंडीत परीट पक्षी उत्तरेकडून येऊन ओल्या वाळूवर शेपटी हलवीत फिरतात. खंड्या मात्र बारमाही. या वर्षी श्रावणात, पूर नसेल अशा दिवशी, एखाद्या वडीलधाऱ्यास बरोबर घेऊन काठावरच्या बाभळीतील पुरी व अर्धवट घरटी निरनिराळी मोजावी आणि आकडे वहीत टिपून ठेवावे.