द्राक्षबागेतील धूर थंडी का अडवीत नाही?

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की नाशिक जिल्ह्यात, विशेषतः निफाड परिसरात, द्राक्ष बागायतदारांची झोप उडते. पारा एकदम घसरला की पाणी उतरलेले मणी तडकण्याचा धोका असतो. मग रात्रभर ओला पालापाचोळा, काही ठिकाणी तर जुने टायरसुद्धा जाळून बागेत धूर केला जातो. एवढा खटाटोप करूनही अपेक्षित गुण येत नाही. याचे कारण लहरींच्या लांबीत आहे.

रेडिओच्या लहरी, चुलीची धग, सूर्यप्रकाश आणि क्ष-किरण या सर्व एकाच जातीच्या, विद्युतचुंबकीय लहरी आहेत. पोकळीत त्यांचा वेग सारखाच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर असतो. लहरीच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंतचे अंतर म्हणजे तरंगलांबी आणि सेकंदाला होणारी कंपने म्हणजे वारंवारता. या दोहोंचा गुणाकार वेगाइतका येतो. म्हणून एक वाढली की दुसरी घटते. जुन्या रेडिओच्या तबकडीवर मीटर व किलोहर्ट्झ असे दोन्ही आकडे असत, ते आठवून पाहा. १००० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी ३०० मीटर भरते. आपल्या डोळ्यांना मात्र फक्त ०.४ ते ०.७ मायक्रॉन लांबीच्या लहरी दिसतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. याहून आखूड त्या अतिनील, क्ष आणि गॅमा. लांब त्या अवरक्त व त्यापुढे रेडिओच्या.

वस्तू जितकी तापलेली, तितक्या तिच्या लहरी आखूड. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५५०० अंश सेल्सिअस तापमानाचा. त्याचा जोर ०.५ मायक्रॉनच्या आसपास असतो. जमीन आणि पानेही सतत लहरी सोडतात, पण १० अंश तापमानाला त्यांचा जोर १० मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे सेकंदाला सुमारे ३० लाख कोटी कंपनांवर असतो. रात्री बागेची ऊब जाते ती मुख्यतः या वाटेने. ढग असले तर त्यांतील जलबिंदू या लहरी शोषून बऱ्याचशा खाली परत पाठवितात; म्हणून ढगाळ रात्र उबदार लागते. आकाश निरभ्र असले की ८ ते १३ मायक्रॉनच्या लहरींना जणू खिडकी उघडी मिळते. वारा पडलेला असेल तर पाने भोवतालच्या हवेपेक्षाही दोन-तीन अंशांनी थंड होतात.

आता धुराचे पाहू. धुराचे कण बहुतेक एक मायक्रॉनपेक्षा लहान असतात. तळ्यातील बारीक काडी लहान तरंग विस्कटते, मोठी लाट मात्र तिला न जुमानता पुढे जाते. तसेच येथे घडते. धूर प्रकाश अडवितो, म्हणून दाट दिसतो. १० मायक्रॉनच्या लहरी त्यातून सहज निसटतात. उलट सकाळी तोच धूर ऊन अडवून बाग उशिरा तापू देतो! टायरच्या काजळीने घड काळे होतात ते निराळेच. शेकोट्यांचा जो थोडा उपयोग होतो तो उष्णतेमुळे. त्यासाठी एक मोठा जाळ न करता बागेत अनेक लहान शेकोट्या कराव्यात. मोठ्या जाळाची गरम हवा सरळ वर निघून जाते.

त्यापेक्षा थंडीची सूचना मिळताच बागेस हलके पाणी द्यावे. ओली जमीन दिवसा अधिक उष्णता साठविते व रात्री ती हळूहळू देते.

रोपवाटिका झाकताना साध्या पातळ पॉलिथीनवर भिस्त ठेवू नये. त्यातून या लांब लहरी बऱ्याच प्रमाणात आरपार जातात. वाफ्यांवर गोणपाट किंवा भाताचा पेंढा रोपांना न टेकवता संध्याकाळी पसरावा आणि ऊन चढताच काढून घ्यावा.