आधी ब्लॉक मोजा, मग पैसे मोजा

कमी पैशात वेगवान गाडी बांधायची म्हटलं की गप्पा टर्बो, कॅमशाफ्ट आणि एक्झॉस्टच्या रंगतात. ब्लॉकचा विषय शेवटी निघतो आणि तोही 'मिळेल तो घेऊ' एवढ्यावर संपतो. कोल्हापुरात गाड्या बांधताना माझं मत नेमकं उलट पक्कं होत गेलं. कॅम, इंजेक्टर, एक्झॉस्ट हे सगळं इंजिन गाडीत असताना बदलता येतं. ब्लॉक खराब निघाला तर मात्र इंजिन उतरवा, उघडा आणि पहिल्यापासून खर्च करा. माझं बहुतेक काम सुझुकीच्या जी मालिकेवर, म्हणजे जिप्सी, एस्टीम, बलेनो आणि पहिल्या स्विफ्टच्या इंजिनांवर झालं आहे. उदाहरणंही तिथलीच देतो.

१. ज्याचे पार्ट गावात मिळतात, तो ब्लॉक पहिला.
कागदावर होंडा सिटीचं जुनं १.५ व्हीटेक इंजिन उजवं दिसतं. कंपनीतूनच ते १०६ बीएचपी देतं, तर सोळा व्हॉल्व्हची एस्टीम ८५. खिसा भरलेला असेल तर होंडा जरूर घ्या. पण बेताच्या बजेटात मी सुझुकीचं जी-१३ सुचवतो. लष्करानं वर्षानुवर्षं जिप्सी वापरली, एस्टीम गावोगाव पोचली आणि पहिल्या पेट्रोल स्विफ्टमध्येही हेच १.३ लिटरचं इंजिन होतं. त्यामुळे रिंगा, बेअरिंग शेल, गॅस्केट तालुक्याच्या दुकानातही मिळतात आणि मिस्त्रीचा हातही त्यावर बसलेला असतो. रेसच्या आदल्या दिवशी गॅस्केट गेलं की या गोष्टीची किंमत कळते.

२. इंजिन कुठं फिरवायचं आहे ते आधी ठरवा.
जी-१३ चा बोअर ७४ मिमी आणि स्ट्रोक ७५.५ मिमी, म्हणजे १२९८ सीसी. बलेनोच्या जी-१६ चा बोअर ७५ मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी, म्हणजे १५९० सीसी. बोअर जवळपास तोच, फरक सगळा स्ट्रोकचा. ७००० आरपीएमला जी-१३ चा पिस्टन सरासरी सेकंदाला १७.६ मीटर वेगानं धावतो, तर जी-१६ चा २१ मीटरनं. वर फिरवायचं असेल, ऑटोक्रॉस किंवा ट्रॅकवर पळायचं असेल, तर जी-१३ कमी ताणात फिरतं. घाटात खालून ओढ हवी असेल तर जी-१६ घ्या. जी-१६ चा क्रँक जी-१३ मध्ये घालू, असं सांगणारे भेटतात. त्यांच्या नादी लागू नका. जी-१६ च्या ब्लॉकची उंचीच जास्त आहे.

३. इंजिन नंबर ब्लॉकवर असतो, हे विसरू नका.
हेड बदललं, पिस्टन बदलले तरी आरसी बुकाला फरक पडत नाही. ब्लॉक बदलला की नंबर बदलतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या नोंदणीतला तपशील परस्पर बदलता येत नाही. इंजिन बदलण्याआधी आरटीओची परवानगी लागते आणि विम्याचाही प्रश्न येतो. रस्त्यावर चालवायच्या गाडीचा मूळ ब्लॉक दुरुस्त होण्यासारखा असेल तर तोच ठेवा. विकणाऱ्याकडून पावती घ्या. नंबर घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला ब्लॉक फुकट मिळाला तरी हात लावू नका.

४. भंगारात पूर्ण हाफ इंजिनच घ्या, म्हणजे क्रँक-पिस्टनसह जोडलेला ब्लॉक.
कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की गावातला भंगारवाला, सुटा ब्लॉक स्वस्त दिसतो. पण त्याच्या मेन बेअरिंग कॅप सोबत आहेत का, हे आधी पाहा. त्या कॅप त्याच ब्लॉकला लावून एका ओळीत बोअर केलेल्या असतात. त्यांच्यावर बाण आणि क्रमांक असतात, आणि दुसऱ्या इंजिनाच्या कॅप तिथं बसवून चालत नाही. कॅप हरवलेला ब्लॉक माझ्या लेखी वितळवण्याच्या लायकीचा.
दुसरी नजर पाण्याच्या वाटांवर टाका. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरवेलचं पाणी ओततात. ॲल्युमिनियमचा ब्लॉक त्यानं आतून खाल्ला जातो. हेड गॅस्केट जिथं बसतं, तिथं पाण्याच्या भोकांच्या कडा कुरतडलेल्या, पांढरट आणि खड्डे पडलेल्या दिसतात. असा खड्डा गॅस्केटच्या फायर रिंगपर्यंत पोचला असेल तर सरळ पुढं चला. हेड बोल्टचे आटेही तपासा. गरम झालेल्या इंजिनात ते सैल झालेले असतात.

५. नखानं अंदाज घ्या, गेजनं खात्री करा.
सिलिंडरच्या वरच्या टोकाला नख खाली-वर फिरवा. वरची रिंग जिथं थांबते तिथं नख अडकलं तर बोअर झिजलाय. खरी परीक्षा डायल बोअर गेजची. वर, मधे, खाली अशा तीन जागी आणि प्रत्येक जागी दोन दिशांना मोजा: एकदा क्रँकच्या रेषेत, एकदा तिला आडवं. झीज बहुतेक वरच्या भागात आणि पिस्टनचा रेटा बसतो त्या आडव्या बाजूला सापडते. वर-खालचा किंवा दोन दिशांमधला फरक ०.१० मिमीच्या पुढं गेला तर बोअर करावंच लागणार. मग ब्लॉकची किंमत त्या हिशेबानं पाडून मागा. वरच्या सपाटीवर सरळ पट्टी ठेवून फिलर गेजही सरकवून पाहा.

६. तडा डोळ्यांना दिसत नाही.
बिडाच्या ब्लॉकला चुंबकीय तपासणी चालते. जी मालिकेचा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत बिडाचे लायनर. ॲल्युमिनियमला चुंबक लागत नाही, म्हणून इथं डाय पेनिट्रंट वापरायचं. पृष्ठभाग धुऊन कोरडा करायचा, लाल द्रव मारून मुरू द्यायचा, पुसून घ्यायचा आणि वर पांढरा डेव्हलपर फवारायचा. दोन सिलिंडरमधल्या अरुंद पट्टीवर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली की समजायचं, हे इंजिन कधीतरी जबर तापलेलं आहे. ज्या गावात फाउंड्र्या आहेत तिथं ही तपासणी नवी नाही. आमच्या उद्यमनगरात विचारलं की करून मिळते.

७. बोअर वाढवणं ही दुरुस्ती आहे, ताकदीचा मार्ग नव्हे.
जी-१३ ला ०.५० मिमी ओव्हरसाइज केलं तर इंजिन १२९८ वरून सुमारे १३१६ सीसी होतं. अठरा सीसीनं गाडी पळत नाही. जुनी आठ व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरवाली एस्टीम ६५ बीएचपी द्यायची. त्याच १२९८ सीसीवर सोळा व्हॉल्व्हचं हेड आणि एमपीएफआय आलं आणि आकडा ८५ झाला. बोअर-स्ट्रोक जिथल्या तिथं होते. म्हणून स्टँडर्ड मापाचा, न झिजलेला ब्लॉक मिळाला तर हलकं होनिंग करून तसाच वापरा. लायनरची जाडी शिल्लक राहिली तर पुढच्या दुरुस्तीलाही वाव राहतो.

८. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका.
चारही पिस्टन मायक्रोमीटरनं मोजा, त्यांच्यावर क्रमांक टाका आणि प्रत्येक सिलिंडर आपापल्या पिस्टनच्या मापाला होन करून घ्या. हेड बोल्ट आवळले की ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमधले बोअर किंचित आकार बदलतात. त्यासाठी हेडच्या जागी जाड टॉर्क प्लेट आवळून होनिंग करायचं असतं. बहुतेक दुकानांत ती नसते, पण हेड गॅस्केटवरून आखून जाड प्लेटची बनवून घेता येते. एकदा बनवली की तशाच प्रत्येक इंजिनाला कामी येते.

९. ब्लॉकवर वाचलेले पैसे कूलिंग आणि ब्रेकला द्या.
नवा रेडिएटर, चांगला वॉटर पंप, कूलंट आणि ऑइल प्रेशर गेज यांच्याशिवाय उत्तम ब्लॉकही एका उन्हाळ्यात वाकडा होतो. ताकद वाढवण्याआधी ब्रेक आणि टायर त्या ताकदीच्या तोलाचे करा. आणि वेग काढायचा तो बंद ट्रॅकवर, परवानगीच्या स्पर्धेत. सार्वजनिक रस्त्यावर नाही.

नव्यानं गाडी बांधायला घेणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. ब्लॉक बघायला जाताना ओळखीच्या मशिनिस्टला त्याची मजुरी देऊन सोबत न्या आणि त्याच्या मापांचा कागद हातात पडेपर्यंत बयाणा देऊ नका. विकणारा मोजू देत नसेल, तर तो ब्लॉक घेऊ नका.